जुना डेस्कटॉप, नवं लिनक्स मिंट: वाय-फाय नाही, स्क्रीन काळी, दुपारी मशीन गोठतं

मनीषनगरवाली | शनिवार, सकाळी ११.२०

मंडळी, नमस्कार. मदत हवी आहे. जमलं तर नवतपा सुरू व्हायच्या आत.

घरचा डेस्कटॉप २०१४ साली नागपूरच्या सीताबर्डीतून जोडून घेतलेला आहे. आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, २-२ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ हे मशीन घेत नाही, कारण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीत बसत नाही. काम म्हणाल तर माझ्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, बाबांची सोसायटीची पत्रं आणि छपाई. एवढ्यासाठी धडधाकट मशीन भंगारात काढायला मन होईना. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. आवृत्ती २१, कारण भाच्याच्या पेनड्राइव्हवर तीच होती.

आता तक्रारी. पहिली, यूएसबीचं नखाएवढं वाय-फाय डोंगल लावलं की नेटवर्कची यादी रिकामीच राहते. उलट डेस्कटॉपवर सीडीचं चित्र येतं आणि आत विंडोजची एक सेटअप फाइल दिसते. दुसरी, भाच्याने त्याचं एनव्हिडियाचं जुनं जीटी ७१० ग्राफिक कार्ड बसवून दिलं आणि साइटवरून ‘सगळ्यात नवीन’ ड्रायव्हर टाकला. रीस्टार्ट केल्यापासून स्क्रीन काळी, वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकते. तिसरी या सगळ्याच्या आधीपासूनची: सकाळी ठीक चालतं, दुपारी दोन-तीनच्या सुमारास माउससकट सगळं गोठतं, मग बटण दाबून बंद करावं लागतं.

बर्डीवरच्या दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, “लिनक्स या मशीनला सपोर्ट करत नाही, नवीन घेऊन टाका.” खरंच तसं असतं का?

---

तर्रीदार | शनिवार, सकाळी ११.४५

ताई, नवीन घेऊ नका बाप्पा एवढ्यात. आय३ चौथी पिढी म्हणजे लिनक्ससाठी एकदम सोयीची जागा. ना फार जुनं, ना फार नवं. माझ्याकडे त्याच्याही आधीचं मशीन मस्त चालून राहिलं आहे, फक्त एसएसडी टाकली.

---

टर्मिनलकाका | शनिवार, दुपारी १२.३०

“या पीसीवर लिनक्स चालतं का” या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून दुकानदारानेही सोपं ते सांगून टाकलं. डब्याच्या आत आठ-दहा वेगवेगळ्या चिप असतात आणि प्रत्येकीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, वेगळा. नऊ चिपा सुरळीत चालतात, एक अडते, आणि बदनाम होतं अख्खं मशीन. त्यामुळे कुठली चिप आणि कुठलं कर्नल (लिनक्सचा गाभा, बहुतेक ड्रायव्हर त्यातच असतात), एवढ्या दोनच गोष्टी आधी कळायला हव्यात. कंपनीचं नाव, खोक्यावरचं चित्र, मॉडेलचा आकडा यांचा फारसा उपयोग नाही. एकाच मॉडेलच्या डोंगलमध्ये पहिल्या खेपेला एक चिप आणि दुसऱ्या खेपेला वेगळीच, हे सर्रास होतं. वरचं प्लास्टिक तेच असतं.

तुमच्या तिन्ही तक्रारींचा एकमेकींशी संबंध असेल असं मला वाटत नाही. एकाच औषधाने तिन्ही बऱ्या करायला जाऊ नका.

आधी स्क्रीन दिसू द्या. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेन्यू आणा, पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी ‘क्वाएट स्प्लॅश’ असेल त्याच्यापुढे एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. चित्र जाडंभरडं येईल, पण येईल. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ही सोय तात्पुरती आहे. पुष्कळ लोक ‘नोमोडसेट’ कायमचं ठेवून देतात आणि मग व्हिडिओ अडकतो म्हणून रडतात.

नेट नसेल तर मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, वायरने जोडलेल्या नेटसारखं चालू होतं.

मग टर्मिनलमध्ये ‘यूनेम -आर’, ‘एलएसपीसीआय -एनएनके’ आणि डोंगल लावून ‘एलएसयूएसबी’ चालवा आणि जे येईल ते इथे टाका. गोठण्यासाठी, पुन्हा गोठून सुरू केलं की लगेच ‘जर्नलसीटीएल -बी -१ -के’. त्यात मागच्या वेळचा कर्नलचा लॉग असतो, आम्हाला त्याच्या शेवटच्या पंधरा-वीस ओळी हव्यात.

---

वर्धमाननगर_गेमर | शनिवार, दुपारी १.०५

कार्ड चांगलं आहे ताई. एनव्हिडियाचा ५५० ड्रायव्हर टाका, सगळं होते.

---

टर्मिनलकाका | शनिवार, दुपारी १.१५

नाही होत. ५५०च असेल तर काळ्या स्क्रीनचं कारण तेच निघेल. लॉग येऊ द्या.

---

मनीषनगरवाली | शनिवार, रात्री ९.१०

काका, ‘नोमोडसेट’ने चित्र आलं. मोबाइलचं नेटही वायरने लगेच सुरू झालं, हे मला माहीतच नव्हतं.

यूनेमने ५.१५ने सुरू होणारा आकडा दाखवला. एलएसयूएसबीमध्ये डोंगलची ओळ: ०बीडीए:१ए२बी, पुढे आरटीएल८१८८जीयू आणि ‘ड्रायव्हर सीडीरॉम मोड’. एलएसपीसीआयमध्ये वायरच्या नेटखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज: आर८१६९’ आहे, आवाजाखालीही काहीतरी आहे. ग्राफिक कार्डाखाली मात्र ती ओळच नाही, फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ आहे. आणि लॉगमध्ये एनव्हीआरएमने सुरू होणारी एक लांब ओळ दिसली. तिचा मतलब असा की हे कार्ड ४७०च्या जुन्या ड्रायव्हरमधून चालतं, त्यामुळे आताचा ड्रायव्हर त्याकडे दुर्लक्ष करेल.

---

टर्मिनलकाका | शनिवार, रात्री १०.००

वा, लॉगने स्वतःच निकाल दिला. गेमर भाऊंनी ती ओळ वाचावी.

ग्राफिकपासून सुरू करतो. बाजारात मिळालेली बहुतेक जीटी ७१० कार्डं केप्लर घराण्यातली आहेत. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या शाखा असतात. फर्मी घराण्याची कार्डं ३९०वर थांबली, केप्लर ४७०वर. मॅक्सवेल आणि पास्कलसाठी ५८० ही शेवटची शाखा. तेव्हा ‘सगळ्यात नवीन’ ड्रायव्हर फक्त नव्या कार्डांसाठी नवीन असतो. तुमच्याकडे झालं असं की नवा ड्रायव्हर बसताना त्याने न्यूव्होला, म्हणजे कर्नलमधल्या मुक्त ड्रायव्हरला, काळ्या यादीत टाकलं. मग स्वतः कार्ड बघितलं आणि म्हणाला हे माझं नाही. जुना घराबाहेर काढला, नवा आत यायला तयार नाही, कार्ड वाऱ्यावर. म्हणून ‘इन यूज’ची ओळच नाही.

माझं मत विचाराल तर कार्ड काढून भाच्याला प्रेमाने परत करा. आय३-४१३०मध्ये इंटेलचं एचडी ४४०० ग्राफिक आतच आहे, त्याचा आय९१५ ड्रायव्हर कर्नलमध्येच येतो, काहीही टाकावं लागत नाही. प्रश्नपत्रिका आणि यूट्यूबला ते पुरून उरतं. कार्ड काढल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या पोर्टला लावायला विसरू नका. निम्म्या ‘काळ्या स्क्रीन’ तिथेच सुटतात.

आता डोंगल. ही मजेदार वस्तू आहे. लावल्याबरोबर ती आपण सीडी ड्राइव्ह आहोत असं सांगते, म्हणजे विंडोजला आतला ड्रायव्हर आयता मिळावा. ०बीडीए:१ए२बी हा त्या सोंगाचा क्रमांक आहे, खऱ्या चिपचा नाही. त्यामुळे पुढे लिहिलेल्या नावावरही विश्वास ठेवू नका. डेस्कटॉपवरच्या त्या सीडीच्या चित्रावर उजवी क्लिक करून ‘इजेक्ट’ म्हणा आणि परत एलएसयूएसबी चालवा. क्रमांक बदलायला हवा. हेच काम यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज आपोआप करतं, पण दरवेळी करेलच असं नाही.

---

मनीषनगरवाली | रविवार, सकाळी ८.०५

बदलला! आता ०बीडीए:सी८११ दिसतंय. सीडी गेली. पण वाय-फाय अजून नाही.

---

टर्मिनलकाका | रविवार, सकाळी ८.४०

सी८११ म्हणजे आरटीएल८८११सीयू. या घराण्याच्या यूएसबी चिपांचा ड्रायव्हर कर्नल ६.२पासून आत आला, आरटीडब्ल्यू८८ नावाच्या संचात. तुमचं कर्नल ५.१५. चिप चांगली, कर्नलही चांगलं, फक्त दोघांची भेट झालेली नाही. ‘एलएसयूएसबी -टी’ चालवलंत तर डोंगलपुढे ‘ड्रायव्हर=’ आणि त्यापुढे रिकामी जागा दिसेल.

मार्ग तीन. गिटहबवरून ड्रायव्हरचा सोर्स उतरवून डीकेएमएसने (कर्नल बदललं की ड्रायव्हर आपोआप परत बांधणारं साधन) बांधायचा. यूट्यूबवरचे सगळे हेच सांगतात. चालतं, पण कर्नलचं अपडेट आलं की तो परत बांधला जातो. एखाद्या वेळी बांधणी फसली की सकाळी उठून बघता तर वाय-फाय गायब. घरात दुसरं मशीन नसेल तर हा मार्ग मला आवडत नाही. दुसरा, मिंट २१च्या अपडेट मॅनेजरमधून नवीन कर्नल घ्यायचं. तेही ठीक. तिसरा, सरळ मिंट २२ टाकायचं. ते उबुंटू २४.०४वर उभं आहे, सुरुवातच कर्नल ६.८पासून होते आणि २०२९पर्यंत अपडेट मिळतील. तुमच्या डिस्कवर अजून काही साठलेलं नाही, ड्रायव्हरचा गोंधळही एकदम साफ होईल. मी तिसरा घेईन.

आणि ताई, या वेळी ‘इन्स्टॉल’वर लगेच क्लिक करू नका. पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवून बघा. वाय-फाय पकडतं का, आवाज येतो का, मशीन झोपवून उठवल्यावर स्क्रीन परत येते का, यूएसबीला प्रिंटर लावल्यावर दिसतो का. जे लाइव्हमध्ये चाललं ते बसवल्यावरही बहुतेक चालतंच, आणि जे अडलं ते डिस्कला हात लागायच्या आधी कळतं.

---

होस्टेलचा_पंखा | रविवार, सकाळी १०.२०

काका, धागा पळवून राहिलो, माफी. माह्यावाला प्रॉब्लेम उलटा आहे. लॅपटॉप नवीन, इंटेल बाराव्या पिढीचा, विंडोज ११सोबत लिनक्स पाहिजे. लाइव्हमध्ये वाय-फाय, टच सगळं चालते, पण इन्स्टॉलरमध्ये डिस्कच दिसत नाही. फक्त पेनड्राइव्ह दिसते. सीनियर म्हणे विंडोज उडव, मग दिसते.

---

टर्मिनलकाका | रविवार, सकाळी ११.००

सीनियरला म्हणावं, काही उडवायची गरज नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, स्टोरेज ‘आरएसटी’, ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ असं ठेवलेलं असणार. एनव्हीएमई डिस्क इंटेलच्या त्या कंट्रोलरच्या मागे लपते आणि इन्स्टॉलरला दिसत नाही. ते बदलून एएचसीआय (डिस्क जोडण्याची साधी पद्धत) करायचं किंवा व्हीएमडी बंद करायचं. पण थेट बदललंस तर विंडोज उठणार नाही, निळी स्क्रीन देईल, कारण ते जुन्याच कंट्रोलरच्या ड्रायव्हरवर उठायला बघतं.

म्हणून क्रम सांभाळ. सगळ्यात आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का बघ आणि कागदावर लिहून ठेव. नवीन लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते हे पुष्कळांना माहीतच नसतं, आणि बायोसमध्ये असा बदल केला की ती की मागितली जाते. मग विंडोजमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ उघडून बूटच्या टॅबमध्ये ‘सेफ बूट’ निवड. रीस्टार्ट करताना सरळ बायोसमध्ये जा, एएचसीआय कर. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उठेल, तिथे ते नवा ड्रायव्हर पकडतं. सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही, खात्याचा पासवर्ड पाठ ठेव. मग ‘सेफ बूट’ची खूण काढून नेहमीसारखं सुरू कर. आता इन्स्टॉलरला डिस्क दिसेल.

विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद कर. ते चालू असलं की शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं, अर्धी झोप असते. मग लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन नुसतं वाचता येतं, त्यावर लिहिता येत नाही.

---

होस्टेलचा_पंखा | रविवार, दुपारी ४.३०

काका, झालं! डिस्क दिसली, उबुंटू बसलं, विंडोजपण शाबूत. पण आता एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन आली, काहीतरी एमओके, मी ‘कंटिन्यू बूट’ दाबलं. आता ड्रायव्हर लोडच होऊन नाही राहिला. कार्ड आरटीएक्स ३०५० आहे.

---

तर्रीदार | रविवार, दुपारी ४.४५

ती स्क्रीन दहा सेकंद थांबते, लोकं घाबरून पुढे जातात. सगळ्यांचंच होते.

---

टर्मिनलकाका | रविवार, संध्याकाळी ६.१५

सिक्युअर बूट चालू असताना कर्नल फक्त सही असलेले ड्रायव्हर घेतं. तुझ्या मशीनवर बांधलेल्या ड्रायव्हरवर तुझ्याच मशीनची सही असते, आणि ती सही मी ओळखतो असं तू बायोसला एकदा सांगायचं असतं. ती निळी स्क्रीन त्यासाठीच होती. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारला होता, आठवतो का? ‘मोकयूटिल’ने आयात परत मागव, नवा पासवर्ड दे, रीस्टार्ट कर, निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल एमओके’ निवड, तोच पासवर्ड टाक. दुसरा उपाय म्हणजे सिक्युअर बूट बंद करणं. तेही चालेल, पण विंडोज ११ ठेवणार आहेस आणि त्यात काही गेमची अँटिचीट सिक्युअर बूट चालू लागते म्हणतात, तेव्हा पहिला उपाय बरा. आरटीएक्स ३०५० नवं घराणं आहे, तुला ४७०-५५०च्या भानगडीत पडायची गरज नाही.

आता मनीषनगरच्या ताईंकडे परत.

---

मनीषनगरवाली | सोमवार, दुपारी ३.४०

मिंट २२ लाइव्ह चालवलं. डोंगल लावलं, सीडी दिसलीच नाही, थेट शेजाऱ्यांसकट सगळ्यांची वाय-फाय नावं आली. ‘ड्रायव्हर=आरटीडब्ल्यू_८८२१सीयू’. कार्ड काढलं, मॉनिटर बोर्डला जोडला, चित्र स्वच्छ. मग बसवलंच.

पण तिसरी तक्रार तशीच आहे. आत्ता परत गोठलं, हे मोबाइलवरून लिहितेय. लॉगमध्ये ‘कोअर टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड, सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड’ अशा ओळींची रांग आहे. मग काहीच नाही, लॉग तिथेच तुटलेला.

---

तर्रीदार | सोमवार, दुपारी ३.५५

घ्या! ४५ डिग्रीत माणूस थ्रॉटल होऊन राहिला, प्रोसेसरचं काय घेऊन बसलात. सीपीयू ठेवला कुठं आहे ताई? टेबलाच्या त्या दार असलेल्या कप्प्यात?

---

मनीषनगरवाली | सोमवार, दुपारी ४.०५

हो, कप्प्यातच. आणि खिडकीतला कूलर बरोबर त्याच्यासमोर आहे, म्हणून गार राहत असेल असं वाटलं होतं.

---

तर्रीदार | सोमवार, दुपारी ४.२०

कूलरची हवा ओली असते, त्यात वाळ्याचा भुसा आणि रस्त्यावरची धूळ. प्रोसेसरच्या पंख्याखाली जाळीसारखं बसते ते सगळं. माझ्या ओळखीत दर मार्चमध्ये पहिलं काम हेच: मशीन उघडायचं, ब्रशने आणि ब्लोअरने साफ करायचं, जुनी थर्मल पेस्ट कोरडी होऊन खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी लावायची. सिरिंजमध्ये मिळते, बर्डीवर कुठेही. पंखा बसवताना चारही खिट्ट्या टक आवाज येईपर्यंत दाबा, एक जरी अर्धवट राहिली तर गरमी तशीच. आणि कप्प्याचं मागचं फळकूट काढूनच टाका.

नंतर ‘एलएम-सेन्सर्स’ टाकून ‘सेन्सर्स’ कमांडने आधीचं आणि नंतरचं तापमान बघा, मजा वाटेल.

---

बेसा_रोडचा | सोमवार, संध्याकाळी ५.००

माझंही असंच गोठायचं, पण उष्णतेने नाही. छोटा डबा पीसी, बे ट्रेल काळातला जे१९०० प्रोसेसर. त्या चिपांवर लिनक्समध्ये प्रोसेसर खोल झोपेत गेला की परत उठत नाही, ही जुनी माहीत असलेली गोष्ट आहे. ग्रबमध्ये ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ टाकलं आणि थांबलं. ताईंनी करून बघावं?

---

टर्मिनलकाका | सोमवार, संध्याकाळी ५.४०

तुमच्या चिपसाठी ते बरोबर. ताईंचा प्रोसेसर हॅसवेल, म्हणजे इंटेलच्या चौथ्या पिढीचा आहे, तिथे हे टाकलं तर फायदा नाही, वीज मात्र जास्त जाईल. लक्षण सारखं दिसलं म्हणून दुसऱ्याचं पॅरामीटर उचलून टाकू नये. सात-आठ वर्षांपूर्वीच्या चर्चांतून उचललेले असे तुकडे लोकांच्या ग्रबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पडलेले असतात.

तर्रीदारांचं साफसफाईचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण एक शंका आहे. थ्रॉटल झालेला प्रोसेसर हळू होतो, तो त्यासाठीच हळू होतो की गोठू नये. फार तापलं तर मशीन फटकन बंद पडतं. माउससकट गोठणं आणि लॉग मध्येच तुटणं याला मला रॅमचा वास येतो. गरमीत ती जास्त दगा देते, म्हणून दोन्ही एकाच वेळी दिसतं.

ताई, एक सांगा. विंडोज होतं तेव्हा उन्हाळ्यात हे मशीन कसं वागायचं?

---

मनीषनगरवाली | सोमवार, संध्याकाळी ६.१०

मे महिन्यात निळी स्क्रीन यायची कधीकधी. आम्ही व्हायरस समजून दरवर्षी फॉरमॅट मारून घ्यायचो.

---

तर्रीदार | सोमवार, संध्याकाळी ६.१५

आँ? दरवर्षी? पैसे देऊन?

---

टर्मिनलकाका | सोमवार, संध्याकाळी ६.३०

तर मग ही तक्रार लिनक्सची नव्हतीच. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवा, रात्रभर राहू द्या. सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही (नव्या प्रकारच्या बायोसवरही) चालतं. लाल ओळी आल्या तर दोन्ही रॅम काढून एकेक लावून परत तपासा, म्हणजे दोष रॅमचा की खाचेचा ते कळेल. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टरवर लावा.

---

मनीषनगरवाली | बुधवार, सकाळी ९.३०

लाल ओळी आल्या. दोन्ही रॅम लावल्या की येतात, पहिली एकटी असली की नाही, दुसरी एकटी असली की येतात. दुसरी रॅम पहिल्या खाचेत लावली तरी येतात.

---

टर्मिनलकाका | बुधवार, सकाळी ९.५०

म्हणजे खाच ठीक, रॅम नाही. टाकून द्यायच्या आधी तिच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलकं फिरवा, चुरा ब्रशने झटका आणि परत तपासा. कूलरच्या दमट हवेत त्या पट्ट्यांवर थर बसतो. नाही सुधारली तर डीडीआर३ची ४ जीबीची रॅम घ्या, वापरलेली स्वस्तात मिळते. फक्त लॅपटॉपची नको, डेस्कटॉपची, लांब असते ती.

---

मनीषनगरवाली | शुक्रवार, संध्याकाळी ७.१५

खोडरबरने काम झालं! मेमटेस्ट स्वच्छ गेली. पंख्याखालून जे निघालं त्याची उशी भरता आली असती. पेस्ट लावली, फळकूट काढलं, भरदुपारी प्रश्नपत्रिका टाइप केली, एकदाही गोठलं नाही. मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्टही मिळाला.

एकच राहिलं. बाबांचा एचपी लेझरजेट १०२०. यादीत दिसतो, काम पाठवलं की ‘पूर्ण’ म्हणतो, कागद काही हलत नाही.

---

बेसा_रोडचा | शुक्रवार, संध्याकाळी ७.४०

तो प्रिंटर बंद केला की आतलं फर्मवेअर (त्याला चालवणारा प्रोग्रॅम) विसरतो, दरवेळी संगणकाने ते पाठवावं लागतं. विंडोजमध्ये ड्रायव्हर गुपचूप पाठवतो. लिनक्समध्ये एचपीलिप हा एचपी प्रिंटरांचा ड्रायव्हर-संच असतो, पण या प्रिंटरचं फर्मवेअर मुक्त नसल्यामुळे वेगळं उतरवावं लागतं. टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ चालवा, अटी मान्य करा, प्रिंटर बंद-चालू करा. पंखा घुमल्याचा आवाज आला की समजा फर्मवेअर पोचलं.

---

गांधीबाग_ट्रेडर्स | शुक्रवार, रात्री ८.१०

कॅनन एलबीपी २९००चं पण असंच करायचं का? दुकानात तोच आहे.

---

टर्मिनलकाका | शुक्रवार, रात्री ८.३०

नाही, त्याची भाषाच वेगळी, कॅप्ट नावाची. त्यासाठी ‘कॅप्टड्रायव्हर’ नावाचा मुक्त ड्रायव्हर आहे, तो स्वतः बांधावा लागतो. साधी छपाई होते, पण बिलं छापायचं दुकान त्यावर सोपवू नका. आधी एखाद्या निवांत रविवारी करून बघा. पुढे नवीन घ्याल तेव्हा नेटवर्कवर चालणारा, एअरप्रिंट लिहिलेला घ्या. तसल्यांना लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. जीएसटीच्या सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर तो लाइव्ह पेनड्राइव्हवर तपासल्याशिवाय दुकानातलं विंडोज काढू नका.

---

मनीषनगरवाली | शुक्रवार, रात्री ९.०५

पंखा घुमला, पान आलं! बाबा दोनदा टेस्ट पेज छापून बसले. फक्त खालच्या दोन ओळी कापल्या जातात, सोसायटीच्या पत्रात नेमकी सही तिथेच येते.

---

बेसा_रोडचा | शुक्रवार, रात्री ९.१५

कागद ‘लेटर’ निवडलेला असेल, ती अमेरिकन मापाची सवय आहे. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ए४ करा, आणि लिब्रेऑफिसच्या फॉरमॅट मेन्यूत पानाच्या मापातही बघा, दोन्हीकडे वेगवेगळं असू शकतं.